कला म्हणजे आर्ट्स, दादा

दादा, वास्तुरचनेवरच्या एका मासिकातून परवा फोन आला. तुझ्यावर काहीतरी लिहून द्या म्हणाले, बहिणीच्या नजरेतून. बोलणारी मुलगी तरुण असावी, आवाज फार गोड. "थोडं हळवं झालं तरी चालेल, मॅडम," असंही वर म्हणाली. मी हो म्हटलं. लिहायला बसले आणि लक्षात आलं, की हळवं व्हायचं तर आधी तुझ्यावरचा राग संपायला हवा, आणि तो काही इतक्यात संपत नाही. त्यांना दुसरं काहीतरी लिहून देईन. हे तुझ्यासाठी आहे. तुझी बक्षिसं, तुझ्या इमारती, तू कुठे कुठे भाषणं दिलीस, ते सगळं त्यांच्याकडे छापील आहे. त्यातलं एकही मी इथे लिहिणार नाही. माझं भांडण एकाच इमारतीचं आहे आणि त्या इमारतीतही एकाच मजल्याचं.

मी शिकवते त्या टाकव्याच्या आपल्या शाळेला अकरावी-बारावी जोडायची ठरली, तेव्हा "माझा भाऊ आर्किटेक्ट आहे" असं आबांना मीच सांगितलं. आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष, तुला नव्याने सांगायला नको. त्यांनी तुला बोलावून घेतलं. तू आलास आणि मोकळ्या जागेवर, चांगल्या इस्त्रीच्या शर्टानिशी, गवतात पाठीवर आडवा झालास. कमिटीतले लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्यांना वाटलं साहेबांना घेरी आली. मला सवय होती. जागा उभ्याने कळत नाही, ती झोपून बघायची असते, हे तुझं लहानपणापासूनचं. घरात नवीन माळा घातला तेव्हाही तू असाच खाली लोळत होतास आणि आईने तुझ्या पोटावरून पाय टाकून ये-जा केली होती.

मग बैठक झाली. आबा म्हणाले, "हे बगा साहेब, खाली सायन्स, वर आर्ट्स. दोन्ही बी झकास करा. आमच्या अंदर मावळच्या पोरींनी तळेगावला कशाला हेलपाटे घालायचे?"

तू मान डोलावलीस.

तुझी ती मान! आपल्या घरात लहान मुलालासुद्धा ठाऊक होतं, की दादाने मान डोलावली म्हणजे दादाने ऐकलं, एवढंच. कबूल केलं असं नव्हे. बाबा तासभर बोलायचे, तू मान डोलवायचास आणि उठून आपल्याला हवं तेच करायचास. कमिटीला काय माहीत? त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आता पन्नाशी आली, चार लोकांत नाव झालं, या माणसाची मान तरी एव्हाना सुधारली असेल.

नकाशावर वरच्या मजल्यावर तू एकच शब्द लिहिला होतास. 'कला'. कमिटीने तो वाचला आणि सह्या केल्या. कला म्हणजे आर्ट्स, यात विचारण्यासारखं काय होतं? कॉलेजच्या पाटीवर तेच असतं, प्रवेशाच्या वेळी तेच असतं. विज्ञान शाखा, कला शाखा. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी, अर्थशास्त्र. मी नकाशा मागितला तर म्हणालास, "तुला प्लॅन वाचता येत नाही, तू इमारतच बघ."

बघितली. खाली दोन प्रयोगशाळा, काळ्या दगडाच्या भिंती, पश्चिमेला चांगली रुंद पडवी, कारण आपल्याकडची झड कशी आडवी घुसते हे तुला माहीत होतं. पावसाळ्यात पोरांची पुस्तकं कोरडी राहतात, त्याबद्दल तुला शंभर मार्क. जिन्याच्या भिंतीत तू एक बारीक भोक ठेवलंस. दुपारी त्यातून ऊन येतं आणि समोरच्या भिंतीवर त्याचा ठिपका पडतो. हिवाळ्यात वर, उन्हाळ्यात खाली. फिजिक्सचे सर पोरांना तिथे उभं करून सूर्य शिकवतात. हे तुझं डोकं होतं, आणि मी ते कधी नाकारलं नाही.

वर मात्र एक हॉल. अख्ख्या मजल्यावर एकच. भिंत नाही, फळा नाही, बाक नाही. करवतीच्या दातांसारखं छप्पर आणि प्रत्येक दाताला उत्तरेकडे काच, म्हणजे उजेड यावा, ऊन येऊ नये. एका बाजूला रंगाचे हात धुवायला बेसिनांची रांग. एका कोपऱ्यात मातीकामाची भट्टी. एका टोकाला लाकडी पट्ट्यांची जमीन, गाण्या-नाचासाठी. मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून विचारलं, "दादा, वर्ग कुठे आहेत?"

"कसले वर्ग?"

"आर्ट्सचे."

"हेच आर्ट्स," तू म्हणालास. "कला म्हणजे कला. मला दुसरं काय वाटणार?"

चेहरा असा, की जसं काही गावात आजच उतरलास.

उद्घाटनाला सगळे हरखून गेले. आबा तर काचेखाली उभे राहून वर बघत होते आणि त्यांची टोपी खाली पडली तरी त्यांना पत्ता नव्हता. महिनाभराने तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. सायन्सच्या खोल्या मोजल्या, खूश झाले. वर आले, त्यांनाही हॉल आवडला. फोटोसुद्धा काढले. मग म्हणाले, "छान आहे. कला शाखेच्या वर्गखोल्या दाखवा." दाखवायला काय होतं? जुन्या इमारतीत पाचवी ते दहावी आधीच कोंबून भरलेली. सायन्सला मान्यता मिळाली. आर्ट्सला नाही. पाटीवर 'विज्ञान व कला कनिष्ठ महाविद्यालय' असं ठळक रंगवलेलं आहे आणि त्यातली कला गेली काही वर्षं फक्त पाटीवर आहे.

मी तुला तीन भिंती मागितल्या. विटांच्या नको, प्लायच्या दे म्हटलं. तू आबांकडे गेलास. काय बोललास कोण जाणे, पण म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणलंस. त्यांनी तुझा हात हातात घेतला आणि माझ्यादेखत म्हणाले, "साहेब, तुमी हाईत तवर त्या हॉलला कुनी हात लावायचा न्हाई. माजा शबूद हाय." आबांचा शब्द म्हणजे काय असतो ते तुला माहीत होतं. तो शब्द घेऊन तू पुण्याला निघून गेलास आणि मी त्या शब्दाशी रोज शाळेत डोकं आपटत राहिले.

तुझी बाजूही मांडते, नाहीतर म्हणशील बाईने एकतर्फी लिहिलं. तू म्हणायचास, आर्ट्स म्हणजे काय करून ठेवलंय आपण? ज्याचं काय करायचं ते कळत नाही, त्याला टाकायची कोठडी. सायन्सला प्रयोगशाळा, कॉमर्सला कॉम्प्युटर, आणि आर्ट्सच्या पोरींना कुठलीतरी ओल आलेली मागची खोली. एकदा तरी सगळ्यात चांगली जागा त्यांच्या वाट्याला येऊ दे. पहिली भिंत घालणं जड असतं, म्हणायचास, एकदा ती घातली की लोक घालतच सुटतात. हे सगळं खरं आहे. माझ्यापेक्षा जास्त ते कोणाला पटणार? मी अख्खं आयुष्य तसल्याच मागच्या खोलीत इतिहास शिकवला. पण दादा, सगळ्यात चांगली जागा तू ज्यांना दिलीस, त्या पोरी तिथे आल्याच नाहीत. त्या हॉलमध्ये काय काय झालं सांगू? रक्तदान शिबिर झालं. योगदिन झाला. निवडणुकीच्या कामाचं प्रशिक्षण झालं. सरपंचांच्या मुलीचं हळदीकुंकू झालं, बेसिनांवर हार टांगून. आर्ट्सची एक मुलगी तिथे बसली नाही.

नाही, चुकले. एकदा बसल्या.

पुण्याहून मासिकाचे लोक फोटो काढायला आले होते तेव्हा. हॉल रिकामा दिसतो म्हणून दहावीच्या मुली वर बोलावल्या. त्यांच्या हातात ब्रश दिले, समोर कागद लावले आणि उजेडाकडे तोंड करून बसवलं. साक्षी सगळ्यात पुढे होती. तिला चित्रकलेत कधी पन्नासाच्या वर मार्क नव्हते, पण चेहरा फोटोत चांगला येतो. फोटो झाले, ब्रश गोळा झाले आणि गाडीत घालून पुण्याला परत गेले. एका मुलीने विचारलंसुद्धा, "मॅडम, आमी न्हाई ठेवायचे व्हय?" तो फोटो मासिकात पूर्ण पानभर आला. तू फ्रेम करून ऑफिसात लावलास.

साक्षी दहावीनंतर आर्ट्स करणार होती. तळेगावला पाठवायला घरचे तयार नव्हते, एसटीचा भरवसा नाही, आणि पोरगी अंधार पडायच्या आत घरी यायला हवी. "हितं निघालं तर शिकवू," तिची आई मला म्हणाली होती. हितं काही निघालं नाही. साक्षी लोहगडवाडीला मामाच्या हॉटेलात गेली. ट्रेकला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून वाढते, पावसाळ्यात भजी तळते.

आणि तुला ती भेटली. तू शिकवायला जायचास त्या कॉलेजची पोरं घेऊन लोहगडला गेला होतास. ते तू भाऊबीजेला येऊन सांगितलंस, ताटावर बसून, मी ओवाळून तबक खाली ठेवते न ठेवते तोच. "अगं, चहा द्यायला आली आणि मला म्हणते, सर, तुमी हॉलवाले ना? बघ! तिला हॉल आठवतोय. एकदाच बसली, पण जन्मभर विसरणार नाही." किती खूश होतास! मी म्हटलं, "दादा, ती तुला चहा देत होती." तू म्हणालास, "म्हणजे?" तुला खरंच कळलं नव्हतं. मी आत निघून गेले. वहिनीने तुला वाढलं. तुझी ती शेवटची भाऊबीज ठरली. ती अशी गेली म्हणून मला आता रडू यायला हवं, असं सगळ्यांना वाटतं.

आता ते विचारते, जे तू असताना कधी नीट विचारलं नाही. 'मला दुसरं काय वाटणार' हे तू म्हणालास, ते खोटं होतं ना?

कारण दादा, मी दहावी झाले तेव्हा बाबा म्हणाले होते, मुलीला एवढं बास. तू शनिवारी पुण्याहून आलास आणि आयुष्यात पहिल्यांदा मान न डोलावता बाबांसमोर उभा राहिलास. "तिला आर्ट्सला तरी घाला," म्हणालास. "प्रवेशाला मी नेतो, मी आणतो, तुम्ही काही करू नका." तळेगावच्या कॉलेजात खिडकीसमोरच्या रांगेत तू सकाळपासून उभा होतास आणि मी भिंतीला टेकून भुईमुगाच्या शेंगा खात होते. खिडकीवर पाटी होती, 'कला शाखा'. तुझा नंबर आला तेव्हा आतल्या माणसाने विचारलं, कशाला घ्यायचंय, आणि तू म्हणालास, "आर्ट्स. माझी बहीण आहे." मी आज चार पुस्तकं वाचलेली बाई आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, ते त्या एका वाक्यामुळे. त्याचे उपकार मी नाकारले तर माझी जीभ झडेल. पण मग सांग, त्या खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला 'कला' या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता? तुला माहीत होतं. पोरींना काय हवंय तेही माहीत होतं. तुला हॉल हवा होता. तेवढा एक शब्द दोन्हीकडून चालतो, हे तू ओळखलंस आणि त्याचा फायदा घेतलास. माझ्यासाठी भांडलेला भाऊ आणि साक्षीच्या वाटेत आडवा पडलेला भाऊ एकच होता, हे मला सहन होत नाही.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी किल्ली घेऊन वर गेले. कोणी नव्हतं. तुझ्यासारखी फरशीवर आडवी झाले, गुडघे दुखतात तरी. सुंदर आहे रे. छपरावरून उजेड असा खाली येतो, की आपले हातसुद्धा आपल्याला चांगले दिसतात. इतकं चांगलं काम करणारा माणूस इतका दुष्टपणा करू शकतो, याचा मला तिथे पडल्या पडल्या फार राग आला. आणि त्याच वेळी मनात आलं, की तू गेलास म्हणजे आबांचा शब्दही संपला. तुझ्या चितेची राख अजून नदीत गेली नव्हती आणि मी छताखाली पडून भिंती कुठे येतील ते ठरवत होते. हे वाचून तुला वाईट वाटणार असेल तर वाटू दे.

दशक्रियेला घाटावर माणूस मावेना. प्रवचन झालं, मग माइकवर पुढाऱ्यांची भाषणं. एकाने तुला 'थोर इंजिनिअर' केलं, दुसऱ्याने पुलांचं बांधकाम तुझ्या नावावर टाकलं. मग पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. कावळे होते, समोरच्या करंजावर चांगले चार-पाच. पण एक खाली येईना. ऊन चढत चाललं. मग नेहमीचं सुरू झालं. तुझा मुलगा हात जोडून म्हणाला, आईला अंतर देणार नाही. वहिनी म्हणाली, ऑफिस बंद पडू देणार नाही. आबा पुढे झाले, "साहेब, हॉलला तुमचं नाव देतो." एक कावळा उडून खाली आला, पिंडाभोवती फिरला आणि परत झाडावर जाऊन बसला. मग सगळ्या घाटाने माझ्याकडे बघितलं. आपलं भांडण गावात कोणाला माहीत नव्हतं?

"बाई, तुमी बोला," कोणीतरी मागून म्हणालं.

वहिनीने माझं मनगट धरलं. "वन्सं, म्हणा ना. हॉल मोडणार नाही म्हणा. एवढंच राहिलंय त्यांचं."

बायकांत साक्षीची आई उभी होती. शेजारी तिची धाकटी, प्रज्ञा, यंदा दहावी झालेली. तिची आई बाकीच्यांसारखीच माझ्याकडे बघत होती, हात जोडून, मी बोलावं म्हणून. तिला कळत नव्हतं की मी काय बोलले तर कोणाचं काय होईल. मला कळत होतं. पिंडासमोर दिलेला शब्द या गावात कोणी मोडत नाही. मी तो दिला असता तर तू हयात होतास तेव्हा जे होतं, ते कायमचं झालं असतं.

मी काही बोलले नाही. तोंड मिटून उभी राहिले. बायका कुजबुजायला लागल्या, मग ते कुजबुजणं राहिलं नाही. "सख्खी बहीण हाय, पर बगा," असं एकीने मला ऐकू येईल असं म्हटलं. वहिनीने मनगट सोडलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. दर्भाच्या कावळ्याने तुझं जेवण उरकलं, दादा, आणि ते माझ्यामुळे.

परत येताना आबा माझ्याबरोबर चालत होते. काठी टेकता टेकता म्हणाले, "पोरी, येक वाक्य बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"आबा, मी बोलले असते, तर तुम्ही भिंत घालू दिली असती?"

"न्हाई. पिंडाफुडं दिल्याला शबूद कसा मोडायचा?"

"म्हणून नाही बोलले."

ते थांबले. माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कोणाची तरी परकी मुलगी आहे. मग म्हणाले, "लय कठीण काळजाची हाईस तू." आणि थोडं चालून गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "सोमवारी गवंडी धाडतो. कुटं घालायच्या भिंती, ते तूच दाखव."

घरी पंगत बसली. मला कोणी बसायचा आग्रह केला नाही. मी आपली मीच पान घेतलं आणि बसले. वहिनीने वाढलं, माझ्या तोंडाकडे न बघता. तू उपाशी गेलास आणि ही जेवते आहे, असं प्रत्येकीच्या डोळ्यांत होतं, आणि ते खोटं नव्हतं. वरण-भात कालवला, घास हातात घेतला आणि मला खरंच वाटलं, की आता हा घशाखाली उतरणार नाही. दादा, उतरला. मी पोटभर जेवले आणि मागून भात घेतला.